बिनसाखरेची बोंडं

गेल्या वर्षी थंडी सरता सरता माझ्या उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कापून काढलं. शुगरनं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको. मी जिवंत आहे. काठी घेऊन चालते, खुर्चीवर बसून पीठ मळते, आणि तोंड पूर्वीसारखंच चालतं असं घरचे म्हणतात.

लिहायला बसवलं ते दवाखान्यात आहार सांगायला येणाऱ्या बाईंनी. "आक्का, तुमच्यासारख्या बायकांना उपयोग होईल, जमेल तसं लिहा," म्हणाल्या. त्यांना वाटलं असेल, मी काय खावं, काय टाळावं, धीर कसा धरावा हे लिहीन. धीर मी काही धरला नाही. आणि खाण्याचं म्हणाल तर मी जे केलं ते कुणी करू नये, एवढंच सांगण्यासारखं आहे.

माझं माहेर चिकोडीकडचं. सातवीपर्यंत कन्नड शाळा. मराठी लिहायला शिकले ती लग्न होऊन निपाणीच्या बाजूला आल्यावर, वर्तमानपत्र बघून बघून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडं काणाडोळा करा. मला कन्नड वाचता येतं आणि आमच्या ह्यांना येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातनंच झालं.

गुऱ्हाळाचं घर

आमचे हे म्हणजे भूपाल. गावात लहानमोठे सगळे भूपालअण्णा म्हणतात. आमचं छोटं गुऱ्हाळ आहे आणि हे स्वतःच गुळव्या. गुळव्या म्हणजे रस उकळत असताना मोठ्या काईलीपाशी उभा राहून गूळ कधी झाला ते सांगणारा. घड्याळ नाही, मोजमाप नाही. पाकाची तार दोन बोटांत धरायची, नाकानं वास घ्यायचा आणि म्हणायचं, "उतरवा." एक मिनिट इकडं तिकडं झालं तर सगळा माल वाया. ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना चटक्यांचे इतके डाग आहेत की आधार कार्डाला ठसा उमटत नव्हता.

दर वर्षी गुऱ्हाळ सुरू व्हायच्या दिवशी मी केळ्याची बोंडं करायची. पिकलेली केळी कुस्करायची, त्यात गव्हाचं पीठ, चिमटीभर मीठ, वेलदोडा, थोडा सोडा. आवळ्याएवढी बोटांनी सोडायची तेलात. काईलीतली पहिली काकवी, म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा दाट पाक, गरम गरम त्यांच्यावर ओतायची. बोंडं अशी तुकतुकीत व्हायची की बघत राहावं. कामावरची माणसं केळीच्या पानावर घेऊन उभ्याउभ्याच खायची. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नाही.

आणि त्याच घरातल्या बाईला शुगर झाली.

तहान

आधी तहान लागायची. तांब्यावर तांब्या पाणी. आम्ही जैन, दिवस मावळला की अन्नपाणी बंद. मी नेमाची बाई, पण त्या दिवाळीत मला रात्र काढवेना. घसा कोरडा पडायचा, ओठ चिकटायचे. एकदा अंधारात उठून तांब्या तोंडाला लावला आणि मग चोरी केल्यासारखी अंथरुणात पडून राहिले. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवापुढं उभी राहायची मला लाज वाटली. आजार असेल असं मनातसुद्धा आलं नाही. आपलाच नेम ढिला झाला, असं वाटलं.

आमची मुलगी सुप्रिया बेळगावात खासबागला राहते, शाळेत शिकवते. दिवाळीला आली आणि मला बघून म्हणाली, "आई, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत चालल्यात." दुसऱ्या दिवशी बेळगावच्या दवाखान्यात. बोटाला सुई टोचली, मशीन लावलं, आणि टोचणाऱ्या पोरीनं मला न सांगता डॉक्टरांना हाक मारली. ती हाक मारायची पद्धत बघूनच मला कळलं. माझी मावशी शुगरनं आंधळी झाली होती. शेवटी शेवटी भिंत धरून चालायची आणि आम्ही पोरं तिला हसायचो. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मला ती भिंत आठवत होती, दुसरं काही नाही.

चार दिवस ठेवून घेतलं. सकाळी साडेपाचला दिवे लागायचे, बोटाला सुई, मग दंडाला सुई, मग झाडू, मग चहा. जेवण यायचं रात्री आठला. मी ताट झाकून ठेवायची आणि तसंच परत द्यायची. पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, मी कारण सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाचला माझ्या खाटेजवळच्या कपाटावर दोन चपात्या आणि भाजी यायला लागली. त्यांनी कुणाला सांगून ते जमवलं, मला अजून माहीत नाही. नाव विचारायचं राहून गेलं.

तो कागद

घरी सोडायच्या दिवशी एक तरुण मुलगी आली, गडबडीत होती. काय खायचं आणि काय नाही, असा छापील कागद माझ्या हातात दिला. कन्नडमध्ये. "वाचता येतंय ना?" तिनं कन्नडमध्येच विचारलं. मी मान हलवली. ती पुढच्या खाटेकडं गेली.

डाव्या बाजूला चालतं, उजव्या बाजूला चालत नाही. उजव्या बाजूला पहिला शब्द साखर. दुसरा बेल्ल. बेल्ल म्हणजे गूळ. मग मध, बटाटा, रताळं, मिठाई.

हे खाटेच्या कडेला बसले होते. गुऱ्हाळ ऐन जोरात, ते माणसांच्या हवाली टाकून आले होते. अंगाला रसाचा वास तसाच.

"काय लिवलंय गं?"

मी वाचलं. "साखर बंद. मध बंद. बटाटा, रताळं बंद. मिठाई बंद."

"मध-बटाटं आपण कवा खाल्लंय?" म्हणाले. मग कागदाकडंच बघत, "गुळाचं काय न्हाय न्हवं?"

मी "न्हाय" म्हटलं.

हे "न्हाय" मी का म्हटलं ते मी वर्षभर स्वतःला विचारते आहे. एक तर त्यांचा चेहरा. चार दिवस तो माणूस मिटल्यासारखा होता. आणि ते डाग पडलेले हात मांडीवर ठेवून विचारत होते. ज्या गुळावर ते घर उभं आहे, ज्यावर पोरगी शिकली, तोच आपल्या बायकोला विष आहे, हे मी माझ्या तोंडानं कसं सांगू? हे एक कारण. दुसरं कारण सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. मला गूळ पाहिजे होता. कागदावरची साखर-मिठाई सोडली तर बाकीचं आम्ही जैन माणसांनी जन्मापासूनच सोडलेलं. सोडायचं म्हणजे खरं तर गूळ तेवढा होता, आणि मला तो सोडायचा नव्हता.

माझं उत्तर ऐकून त्यांनी श्वास सोडला. "मग झालं की," म्हणाले, "आपला गूळ हाय. त्यात ना पावडर ना काय. उलट रगत वाढतंय."

साडेचार

घरी आल्या आल्या ह्यांनी साखरेचा डबा उचलला आणि शेजारी देऊन टाकला. चहात गूळ. औषधाच्या गोळ्या वेळेवर, ते स्वतः हातावर ठेवायचे. आणि मग एक दिवस दुपारी साडेचारला गुऱ्हाळावरनं आले, हातपाय धुतले आणि स्वैपाकघरात शिरले.

एकतीस वर्षांत ह्या माणसानं घरातली शेगडी पेटवली नव्हती. गुऱ्हाळात एवढ्या मोठ्या जाळापुढं दिवस काढायचे आणि घरात लायटर कुठं आहे विचारायचे. मी दारात उभी राहून बघत होते. केळी कुस्करली. पीठ जास्त झालं, पाणी घातलं, पाणी जास्त झालं, पीठ घातलं. बोंडं वेडीवाकडी झाली, एकाला तर शेपूट आलं. पण पाकाला हात घातला आणि ते गुळव्या झाले. किटलीतनं आणलेली काकवी छोट्या कढईत ओतली, आच बारीक केली, थेंब दोन बोटांत धरून ताणला. "आली," म्हणाले. बोंडं त्यात घोळवली, ताटात मांडली, माझ्यापुढं ठेवली.

"घे. बिनसाखरेची."

मी खाल्लं. काय सांगू तुम्हाला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी केलेला तो पहिला पदार्थ.

मग ते रोजचंच झालं. साडेचारला हे यायचे, दिवस मावळायच्या आत मी खाऊन घ्यायची. गावात सांगत सुटले, "राजमतीला मी बिनसाखरेची बोंडं करून घालतोय." बायका मला म्हणायच्या, नशीब लागतं बाई. मी हसायची. मला मान होता त्या काळात. आजारी बाईला कोण विचारतंय एरवी?

सुप्रियानं शुगर बघायचं मशीन घेऊन दिलं होतं. बोट मी टोचायची, आकडा मी वाचायची. हे चष्मा शोधत बसायचे. "किती?" विचारलं की मी मनाला येईल तो आकडा सांगायची, तोच वहीत लिहायची, तोच सुप्रियाला फोनवर. दवाखान्यात तपासलं की भलताच निघायचा. डॉक्टर वही बघायचे, रिपोर्ट बघायचे. "गोड खाता का?" मी काही बोलायच्या आधी हे म्हणायचे, "घरात साखरेचा कण न्हाय, सायेब. पायजे तर येऊन बघा." इतक्या खरेपणानं म्हणायचे की डॉक्टरांना दुसरं काही विचारायचं सुचत नसावं. औषध वाढवलं. पुढच्या खेपेला इंजेक्शन. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, मशीन बिघडलं असेल, बदलून घ्या. सुप्रियानं नवीन घेऊन दिलं.

तेव्हा तरी सांगायचं होतं. रोज ठरवायची, आज सांगू. साडेचार वाजले की ते हात धुवायचे आणि माझं तोंड बंद.

चिपाड

गुऱ्हाळाच्या अंगणात रस काढलेल्या उसाची चिपाडं वाळत पडलेली असतात. त्यावरनं अनवाणी फिरायची सवय. एका रविवारी सुप्रिया आली, चहा घेता घेता फरशीकडं बघत म्हणाली, "आई, हे कसलं?" स्वैपाकघरापासून माझ्या खाटेपर्यंत तांबडे ठिपके. अंगठ्याच्या बेचक्यात चिपाडाची काडी आत गेलेली. किती दिवस होती देव जाणे. मला दुखलंच नव्हतं. सुप्रिया काडी काढत होती आणि मी दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी बघत होते. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

हळद झाली, मलम झालं. आठ दिवसांत वास यायला लागला. परत बेळगाव, परत तोच दवाखाना. ह्या वेळी बायकांचा सर्जरीचा वॉर्ड.

तिथली सकाळ पट्ट्यांनी व्हायची. ढकलगाडीचं चाक कुरकुरत यायचं आणि सगळ्या खाटा गप्प व्हायच्या. आता पहिली कुणाची. माझ्या शेजारी कंग्राळीची एक बाई होती, तिचा पाय घोट्यापासून गेलेला. ती म्हणायची, "आक्का, बघू नका. छताकडं बघा. मी सगळ्या पंख्यांची पाती मोजल्यात." मीपण मोजायला लागले. अंगठा आधी लाल, मग जांभळा, मग काळा. डॉक्टर रोज पेनानं रेघ ओढायचे, काळं कुठपर्यंत आलं ती. सकाळी उठून मी आधी ती रेघ बघायची. रोज काळं रेघेच्या पुढं गेलेलं. देवाचं नाव घेतलं, काय काय नवस बोलले, रेघ काही ऐकत नव्हती.

"बोटं काढू, म्हणजे पाय राहील," डॉक्टर म्हणाले. "पण शुगर उतरल्याशिवाय काही खरं नाही. का उतरत नाही तेच कळत नाही."

मला कळत होतं.

डबा

हे रोज निपाणीहून एसटीनं यायचे. गुऱ्हाळ माणसांवर टाकून. पिशवीत स्टीलचा डबा. दुपारी गर्दीच्या बाहेर, जिन्याजवळच्या बाकावर मला बसवून दोन बोंडं खायला घालायचे आणि शेवटची गाडी धरायचे. मी तिथंसुद्धा खात होते. पाय काळा पडत होता आणि मी खात होते. हे वाचून कुणी मला शिवी दिली तर माझी काही तक्रार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पायऱ्या उतरणाऱ्या सिस्टरनं डबा बघितला.

"इदेन री, अण्णा?" हे काय म्हणून विचारलं तिनं.

ह्यांनी डबा पुढं केला. "केळ्याची बोंडं, सिस्टर. साखरेचा कण न्हाय. काकवीतली हायत, आमच्या गुऱ्हाळाची. घ्या की एक."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि वॉर्डात बसलेल्या सुप्रियाला बोलवून घेतलं.

सुप्रिया जिन्यातच बोलली. लोक जात-येत होते. "आप्पा, गूळ म्हणजे साखरच असते. काकवी म्हणजे साखरच. तुम्ही रोज आईला साखर चारत होता. तीन महिने. आईचा पाय तुम्ही घालवला, आप्पा."

हे डब्याचं झाकण लावायला बघत होते, ते त्यांच्याकडनं बसेना. "कागदावर न्हवतं गं," एवढंच म्हणाले. "तुझ्या आईनं वाचून दावलाता. न्हवतं त्यात."

"कागदाचं काय घेऊन बसलाय, आप्पा? साधी अक्कल पाहिजे."

मी दोन हातांवर होते. त्या बाकावरच. तोंड उघडायला एक क्षण लागला असता. मी छताकडं बघितलं. जिन्यात पंखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोटं काढली. भूल उतरताना कंग्राळीची बाई माझा हात धरून बसली होती, तिचा स्वतःचा पाय उशीवर ठेवून. एवढं मला आठवतं. हे बाहेर होते. आत आले नाहीत. नंतरही, बोंडं नाहीत, डबा नाही. येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि पट्टीकडं बघायचे.

तार

घरी आले. घरात मी, हे आणि एक काठी. शुगर उतरली, कारण आता खरोखर गूळ बंद होता. जखम भरायला पावसाळा गेला. दोन बोटांवाचून माणूस कसा तिरका चालतो ते मला कळलं. नसलेला अंगठा खाजवतो, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ह्यांनी त्या सालात मला एक वाकडा शब्द बोलला नाही. ते बोलले असते तर बरं. पट्टी बदलायला शिकले, आंघोळीचं पाणी काढून द्यायचे, बस्तीत जाऊन यायचे. सुप्रिया फोनवर माझ्याशी बोलायची, त्यांच्याशी नाही.

आणि एक वेड घेतलं. बोंडं. खरोखरीची बिनसाखरेची. त्या आहार सांगणाऱ्या बाईंना जाऊन भेटले, त्यांनी सांगितलं, केळं अर्धंच, पेरू जास्त, नाचणीचं पीठ, आप्पेपात्रात थेंबभर तेल, आणि दोनच नग. ते सगळं जमलं. अडलं ते वरच्या पाकाशी. औषधाच्या दुकानातनं गोडाची पूड आणली. ती पाण्यात उकळायचे, थेंब दोन बोटांत धरायचे, ताणायचे. तार येईना. साखर असल्याशिवाय तार कुठली? दूध आटवून बघितलं, मक्याचं पीठ लावून बघितलं. गोळा व्हायचा, नाहीतर पाणी. उभा जन्म ज्यानं पाक ओळखला तो माणूस चार चमचे पांढऱ्या पाण्यापुढं बोटं जोडून उभा राहायचा.

दिवाळी आली. गावातली गुऱ्हाळं पेटली. आमचं चुलवाण गार. ऊस दुसऱ्याला देऊन टाकायचा, म्हणाले. मी विचारलं तेव्हा कढईकडं बघतच बोलले, "ज्या हातानं तुझा पाय खाल्ला, त्या हातानं आता काईल चढवायची न्हाय."

मी ओट्याला धरून उभी होते. मला वाटलं, आता नाही तर हा माणूस असाच मरेल, न केलेल्या पापाखाली.

"त्या कागदावर गूळ लिवलावता," मी म्हटलं.

"कंच्या कागदावर?"

"पयल्या. दवाखान्यातल्या. दुसराच शब्द हुता. तुम्ही इचारलं आनि मी न्हाय म्हटलं. मशीनचं आकडं बी खोटं सांगितलं."

त्यांनी आधी गॅस बंद केला. गुळव्या माणूस, आच चालू ठेवून हलत नाही. मग माझ्याकडं वळले.

"कशापायी?"

वर्षभर ह्याचं उत्तर घोकलं होतं, त्यातलं एक आठवेना. "तुम्ही करून आणत हुता म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी कढईतलं पांढरं पाणी मोरीत ओतलं. "आनि पोरगी मला बोलत हुती, जिन्यात, तवा?"

"तवा बी गप बसले."

त्यांनी कढई घासली, पालथी घातली, आणि बाहेर निघून गेले.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. काही वाटलं नाही. दारातनं बाहेर कट्ट्यावर बसलेल्या ह्यांची पाठ दिसत होती आणि मला तिथपर्यंत चालत जाता येत नव्हतं.

आकडा

अकरा दिवस आमच्यात एक शब्द नाही. पाणी काढून द्यायचे, गोळ्या ठेवायचे, पण हातावर नाही, ओट्यावर. सुप्रियाला मी फोनवर सांगितलं. तिनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आई, मी आप्पांना काय काय बोलले गं." रविवारी आली. बापाशेजारी कट्ट्यावर बसून तासभर वाटाणे सोलले. जाताना तिनं मोठ्या अक्षरात मराठीत तोच कागद लिहून शेगडीच्या वर चिकटवला.

"गूळ लिवलायस का?" ह्यांनी विचारलं.

"पहिलाच लिहिलाय, आप्पा."

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मला धुराचा वास आला, आणि त्याच्या मागनं रसाचा. मी काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले. तिथनं पुढं अंगणात चिपाडं, काठीनंही जाता येत नाही. आमचं चुलवाण पेटलं होतं. पहिल्या दिवसाची बोंडं कुणी केली, केली का नाही, मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उंबऱ्यात बसून वास घेतला आणि रडले. रडण्याला काही अर्थ नव्हता, पण रडले. हल्ली डाव्या पायालाही मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात, बघू.

साडेचारला हे आले. हातपाय धुतले. बोटाला नवा चटका होता. पेरू चिरला, अर्धं केळं कुस्करलं, नाचणीचं पीठ, आप्पेपात्र. गोडाच्या पुडीचं पांढरं पाणी उकळलं. ह्या वेळी तार बघितली नाही. चार बोंडं त्यात बुडवली, दोन माझ्यापुढं ठेवली, दोन स्वतःपुढं.

"खा. आनि खरं सांग."

मी खाल्लं. पेरू कच्चा, बिया दातात. पाक ताटात उतरलेला, आणि जिभेवर मागनं औषधासारखं कडू.

"भिकार झालंय," मी म्हटलं.

त्यांनी एक तोंडात टाकलं. सावकाश चावलं, गिळलं.

"व्हय," म्हणाले. "भिकारच हाय."

दोघांनी चारही संपवली.

दोन तासांनी ते मशीन घेऊन आले. मी सवयीनं बोट टोचलं, थेंब लावला, आणि आकडा यायची वाट बघत मशीन डोळ्यांजवळ धरलं.

"थांब," म्हणाले. खिशातनं चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, घातला, आणि माझ्या हातातलं मशीन काढून घेतलं.

"मी वाचतो."